दुपट्टा ज्याच्याकडे

भाऊसाहेब, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, न सांगता एमबीएच्या वर्गात शिरले आणि त्यांना फळ्यापाशी मास्तरच दिसेना. बाकं भिंतीला सारलेली. पोरं-पोरी सतरंजीवर गोल करून बसलेली. त्या गोलात, पोरांच्या मधेच, धम्मरत्न सर मांडी घालून बसलेले. मागून डायरेक्टरसाहेब आले, त्यांना घाम फुटला.

"काय तमाशा लावून राह्यले हा?" भाऊसाहेब गरजले.

तमाशा कसला, धडाच चालला होता. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा मालक चुकतोय, तर त्याला तोंडावर कसं सांगायचं? जमीर मालक झाला होता, खुशी सुपरवायझर. नियम एकच. उन्हात सर तोंडाला बांधून येत तो पांढरा दुपट्टा ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, मग तो कोणीही असो. या घडीला दुपट्टा खुशीकडे होता.

धम्मरत्न सर लगबगीनं उठले. "भाऊसाहेब, मी सांगतो..."

"सर," खुशी म्हणाली, "दुपट्टा माह्यापाशी आहे."

बापरे! अध्यक्षांच्या पुढ्यात पोरीनं मास्तरलाच गप्प केलं. आणि मास्तर खरंच गप्प झाला, वर हसू काही लपवता येईना त्याला. घाटंजीकडच्या तांड्यावरून आली तेव्हा हीच पोरगी नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे बघायची.

खुशी उठली. दुपट्टा दोन्ही हातांवर धरून भाऊसाहेबांसमोर गेली. भाऊसाहेबांचा राग जरा उतरला आणि त्यांनी मान खाली वाकवली. त्यांचाही काय दोष म्हणा! जिल्ह्यात जिथं जातील तिथं सत्कार. कापड घेऊन कोणी पुढं आलं की मान आपोआप वाकते. डायरेक्टरसाहेबांनी तर टाळ्याही वाजवल्या. एकट्यानं.

"गळ्यात नाही, भाऊसाहेब. हातात घ्या," खुशी हळूच म्हणाली. "इथं हा ज्याच्याजवळ असते, तोच बोलते. बोलून झालं का दुसऱ्याले द्यायचा."

भाऊसाहेबांची मान झटक्यात वर आली. दुपट्टा त्यांनी मुठीत आवळला.

"कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

कोणी बोलेना.

"अरे, बोला ना! तोंडं शिवली काय?"

पोरं त्यांच्या मुठीकडे बघत बसली. अतिया नावाची पोरगी ओठ दाबून हसू आवरत होती. शेवटी डायरेक्टरसाहेबच त्यांच्या कानाशी लागले, "साहेब, तो दुपट्टा... मला वाटतं, द्यावा लागंल."

भाऊसाहेबांनी दुपट्टा धम्मरत्न सरांच्या अंगावर फेकला.

सरांनी तो झेलला. 'चुकलं भाऊसाहेब, आता होणार नाही,' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. त्यांची नोकरी तासिकेवरची. दर वर्षी भाऊसाहेबांची सही झाली तरच पुढचं वर्ष. घरी बायको याच सहीकडे डोळे लावून बसायची. पण समोर आपलीच पोरं बसलेली. त्यांच्यासमोर लटकं कसं बोलणार?

"माझ्या डोक्यातून," सर म्हणाले. "नोट्स तर पोरं घरीही वाचतात. इथं मी त्यांना बोलायला शिकवतो. मालक चुकला तर 'साहेब, हे चुकतंय' म्हणणारा एक तरी माणूस लागतो. नाहीतर चांगला चालता कारखाना बसतो." आणि नियमाप्रमाणे त्यांनी दुपट्टा पुढं केला. "आता तुम्ही बोला."

भाऊसाहेबांनी तो हिसकून घेतला.

"ऐका मग. उद्यापासून बाकं जाग्यावर. मी मंजूर केलेल्या नोट्स द्यायच्या, एक शब्द इकडचा तिकडं नाही. नसंल जमत तर उद्या येऊ नका. या संस्थेत डोकं एकच पुरते, अन् ते माह्यापाशी आहे."

मग सवयीनं, दर सभेच्या शेवटी म्हणत तसंच, ते म्हणून गेले, "कोणाले काही म्हणायचं आहे?"

या प्रश्नाला संस्थेत आजवर कोणी उत्तर दिलं नव्हतं. तो विचारून झाला की चहा यायचा.

खुशीनं हात वर केला.

जमीरनं केला. अतियानं केला. मग एरवी मागच्या भिंतीशी टेकून बसणारी, कधी हजेरीलाही धड 'येस सर' न म्हणणारी पोरं, त्यांचेही हात वर गेले. कोणी ओरडलं नाही, कोणी उठलं नाही. नुसते हात. डायरेक्टरसाहेबांचा हात चष्म्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"हात खाली!" भाऊसाहेब म्हणाले.

दुपट्टा त्यांच्याच मुठीत होता. बोलायचा हक्क त्यांचा, तो पोरांनी मान्य केला होता. पण बोलून झालं होतं. आता द्यायची पाळी होती, आणि पोरं सभ्यपणे वाट बघत होती.

धम्मरत्न सरांना उद्याचं कळत होतं. नोकरी गेल्यात जमा. तरी छाती अशी भरून आली की श्वास पुरेना. कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या परीक्षेत असा निकाल लागला असता! 'झालं,' ते मनाशी म्हणाले, 'शिकले माह्ये पोट्टे.'

"घंटी वाजवा!" भाऊसाहेब डायरेक्टरसाहेबांवर खेकसले.

घंटी झाली. बाजूचे वर्ग धडाधडा सुटले. इथला एकही हात खाली आला नाही. धम्मरत्न सर सतरंजीवर खुशीच्या शेजारी पुन्हा मांडी घालून बसले, आणि त्यांनीही हात वर केला.