उजव्या हाताचं मलम

लेकीचे दोन्ही हात आणि चेहरा भाजला होता. डॉक्टरांनी दोन ट्यूब दिल्या. "घरी डाव्या हाताला हे नवं मलम लावा, उजव्याला आणि चेहऱ्याला नेहमीचं. अदलाबदल नको. अशा वीस मुलांच्या आयांना या दोन ट्यूब दिल्यात, कोणतं चांगलं ते बघायचंय. नवं चांगलं ठरलं की चेहऱ्यालाही तेच देऊ."

आठवड्यात डावा हात भरून येऊ लागला. उजव्याकडे बघून आईचा जीव तुटायचा. शेवटी ती दोन्ही हातांना नवंच लावू लागली, आणि नेहमीचं रोज थोडं बेसिनमध्ये सोडू लागली.

महिन्याने डॉक्टरांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.



"ताई, वीसच्या वीस मुलांच्या दोन्ही हातांच्या जखमा सारख्याच भरल्यात, म्हणजे नव्यात काही दम नाही. ते बंद केलंय. चेहऱ्याला नेहमीचंच लावत राहा."