सातवं कफन

इमेरिनाच्या डोंगराळ मुलखात गुलामगिरी उठून आठ वर्षं झाली होती. तरी राझानाबाईंच्या घराण्यात पूर्वजांना थडग्याबाहेर काढून नवं रेशमी कफन गुंडाळायचं म्हटलं, की बोलावणं त्यांच्या घरच्या जुन्या गुलाम केताकालाच जायचं. तिच्या डावखुऱ्या हातासारखी घट्ट गाठ कुणालाच जमत नसे.

"जमीन घेतलीस म्हणे?" बाईंनी विचारलं.

"घेतली, बाई. स्वतःचं थडगं बांधतेय. मेल्यावर तरी गुलामासारखं तुमच्या पायाशी पुरणं नको."

"जीभ फार सुटलीय हं तुझी!" बाई हसल्या.

रिवाजाप्रमाणे थडग्यातून एक म्हातारा नाव पुकारायचा, आणि त्या नावाचा देह चटईवरून बाहेर यायचा. पूर्वज सहा होते. सहाव्यामागोमाग म्हातारा गुडघे झटकत बाहेर आला. "झालं. आत कुणी उरलं नाही."

केताकानं सहाही कफनं बांधली. टोपलीत सातवं होतं.

"मी तर सहाच विणली होती," ती पुटपुटली.

तेवढ्यात थडग्यातून म्हाताऱ्याच्याच आवाजात पुकारा झाला, "केताका!"

ढोल थांबले. म्हातारा तिच्या शेजारीच उभा होता, तोंड मिटून.

"बाई, मी जिवंत आहे. मी सुटलेय, बाई."

पुकारलेल्या नावाला घराण्यानं नाही म्हणायचं नसतं. बाईंनी सहा देहांच्या पायाशी सातवी चटई अंथरली आणि नेहमीच्या मायेनं म्हणाल्या, "ये गं."

केताकानं खाली पाहिलं. तिचे हात तिच्याच कमरेभोवती रेशीम आवळून डावखुरी गाठ मारत होते.