मक्यावरचा घेवडा

गवंड्याने परसात दोरी ताणली, ती नेमकी वाफ्याच्या मधोमध आली.

"बाई, हे सगळं काढावं लागेल. भिंतीचा पाया इथूनच जाणार," तो म्हणाला.

दोघी जावा वाफ्याच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. मका थोरलीने लावला होता. त्याच्या बुंध्याशी घेवडा पेरला होता धाकटीने. खाली भोपळ्याचं बी कुणी टाकलं, ते दोघींनाही आठवत नव्हतं. घेवडा मक्यावर चढला होता, भोपळ्याच्या रुंद पानांखाली माती भरदुपारीही ओली राहत होती. तिन्ही पिकं जोमात होती. भावाभावांचं मात्र फाटलं होतं. घराची वाटणी झाली होती, आज परसाची.

"ज्याचं त्याने काढून घ्या," थोरला भाऊ म्हणाला. धाकट्याने मान हलवली. महिन्याभरात दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

धाकटी खाली बसली आणि घेवड्याचा वेल सोडवू लागली. वेलाने मक्याच्या ताटाला गच्च विळखे घातले होते. एक सोडवावा तर दुसरीकडे पान फाटत होतं. थोरली पुढे झाली. तिने ताट धरून ठेवलं. नवऱ्यांसमोर दोघी महिनाभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"सुटत नाही हो, ताई."

"ओढू नकोस. शेंगा कोवळ्या आहेत अजून."

"कापून टाका ना एकदाचं!" धाकटा भाऊ ओरडला. "गवंडी खोळंबलाय तिकडे."

थोरलीने दोन्ही हातांनी ताट धरलं आणि वेलासकट मुळापासून उपटलं. मग दुसरं. मग तिसरं. मका, शेंगा, न भरलेली कणसं, सगळा भारा तिने दोरीवरून धाकटीच्या कवेत दिला.

"ताई, मका तुमचा आहे."

"राहू दे. आता कशाला वेगळं करतेस?"

तिसऱ्या दिवशी भिंत डोक्याच्या वर गेली. संध्याकाळी थोरली सवयीने झारी भरून परसात आली आणि नुसतीच उभी राहिली.

"आहेस का गं?" तिने हळूच विचारलं.

पलीकडचा नळ तेवढा सुरू झाला. तिकडे पाणी घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी तो बराच वेळ चालूच होता.