शोकेसमधला कॅमेरा

राजारामपुरीतल्या दुकानात अतुल शोकेसमधले दोन कॅमेरे हातात घेऊन तासभर घोळत होता. एकाचा फोकस झटक्यात बसायचा, दुसरा वजनाला हलका. शेवटी त्यानं सोबत आलेल्या आईलाच समोर उभं केलं. तिनं सवयीनं पदर तोंडावर ओढला. पुढचे दात पडल्यापासून ती फोटोत कधी हसलीच नव्हती.

"अगं, नुसतं टेस्टिंग हाय. ह्यो फोटू ठेवायचा न्हाय."

"व्हय? मग काढ की!" म्हणत आई तोंडभरून हसली.

दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो मोठे करून अतुलनं मागचं किती धूसर आलंय तेवढंच पाहिलं. तरी ठरेना. "दिवाळीत घेऊ," म्हणून दोघं घरी आले.

दिवाळीआधीच आई गेली. बारावं झालं आणि अतुल पुन्हा त्या दुकानात आला.

"तो शोकेसमधला हलका कॅमेरा द्या. आतल्या कार्डासकट. पैसे नव्याचे घ्या."

"पावणं, सीलबंद पीस हाय की! वापरलेला कशाला?"

अतुलनं पैसे मोजून काउंटरवर ठेवले. इथंच तो फोटो बघितला तर रडू फुटेल, म्हणून त्यानं कॅमेरा चालूही केला नाही. मालक तो आत घेऊन गेला आणि छान पॅक करून घेऊन आला.



"घ्या पावणं. नव्याचे पैसे देताय, म्हणून आतलं जुनं सगळं पुसून कार्ड एकदम कोरं करून दिलंय बघा."