अनुभव सिद्ध होत नाही

एरंडोलच्या मेहरुनआपाने पाळणाघराच्या परवान्यासाठी चोवीस कागद जमवले होते. लेकराला शिंक आली तर कोणी काय करायचं, याचीसुद्धा नियमावली त्यात होती. तपासणीचे साहेब आले ते दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन. "हिची आई आज धुळ्याला गेलीय," ते म्हणाले. मुलीने असा टाहो फोडला होता की साहेबांना एक ओळ वाचता येईना. आपाने तिला घेतलं, मऊ खिचडी भरवली आणि झोळीत निजवलं. तेव्हा कुठे साहेबांनी निवांतपणे सगळी फाइल चाळली.

"मुलं सांभाळल्याचा दाखला कुठाय?"

"तीन लेकरं वाढवली, साहेब."

"ते घरचं झालं. कागद लागतो." त्यांनी लाल शाईने शेरा मारला, 'अनुभव सिद्ध होत नाही'. मग आवाज एकदम खाली आणला. "हिला उठवू नका. मी पाचला घ्यायला येतो."

"राहू द्या की," आपा म्हणाली. "फक्त मुलगी माझ्याकडे सांभाळायला ठेवली, एवढं सहीनिशी लिहून द्या. दाखला म्हणून फाइलला लावते."

साहेबांनी एकदा झोळीकडे पाहिलं आणि कोरा कागद मागितला.