अंबाजीभाऊंचा चहापट्टा

कान्हे गावच्या अंबाजीभाऊंनी तीन दिवस खपून चहाचा पेला गळ्यात अडकवायचा तारेचा पट्टा बनवला. कशासाठी, तर तण काढताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून.

त्यांची बायको रतनबाई पोट धरून हसली. "आवो, वाकलं की चा सांडंल न्हाई का?"

भाऊ भातखाचरात वाकले. भरलेला पेला पार आडवा झाला, पण थेंबही सांडला नाही.

"लय भारी केलंय की तुमी!" रतनबाई मनापासून म्हणाली.

भाऊंची छाती फुगली. त्यांनी पेला उलटा करून पाहिला. तरीही चहा पडेना.

"पिऊन तर बघा," ती हळूच म्हणाली.

भाऊंनी पेला सरळ केला. तो ओठांना लागण्याआधीच आतून कुणीतरी भुरका मारला, आणि चहा अर्ध्यावर आला.