अर्धी गोळी

‘अर्धी तुला, अर्धी मला, भूक गेली गावाला.’ भाकरी मोडताना आई गुणगुणायची, तो सूर शैलजाच्या कानातून कधी गेलाच नाही. लग्नाला वीस वर्षं झाली; आता रोज सकाळ-संध्याकाळ चंदीगडजवळच्या झिरकपूरच्या घरी, स्वयंपाकघरात ती त्याच सुरात सुरीने गोळी कापायची. अर्धी नवऱ्याला, अर्धी स्वतःला.

आज चंदीगडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर पद्मिनी, त्याही मराठीच, तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट घेऊन बसल्या होत्या. एचआयव्ही पुन्हा अंगात माजला होता. औषधाला जुमानत नव्हता.

“नंदकुमारजी, खरं सांगा. गोळ्या चुकवता ना?”

नंदकुमारने मान हलवली. नाही.

डॉक्टरांना पटेना. डबी दर महिन्याला रिकामी परत येत होती, मोजायला एकही गोळी उरत नव्हती. पण गोळ्या बेसिनमध्ये टाकून डबी रिकामी करणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पुढची औषधं महागडी, मोजक्यांनाच मिळणारी. माणूस नेमाने घेईल अशी खात्री पटल्याशिवाय त्या त्याचं नाव पुढे पाठवणार नव्हत्या. तीही वाया गेली, तर त्यांच्या हाती काहीच उरणार नव्हतं.

“थोडंथोडं औषध मिळालं ना, की हा विषाणू त्याला सरावतो,” त्या म्हणाल्या. “मग पूर्ण दिलं तरी दाद देत नाही.”

शेजारी बसलेल्या शैलजाला स्वयंपाकघरातली सुरी आठवली. नंदकुमार मान खाली घालून बसला. एअरफोर्समध्ये उभी हयात काढलेला, वेळेचा पक्का माणूस; आज बेपर्वा ठरत होता आणि ठरू देत होता.

तिने मोहालीला जाऊन गुपचूप तपासणी करून घेतली होती. तिलाही तोच आजार निघाला. पण इथे नाव घालायचं कसं? दाराशी बसून नंबर देणाऱ्या सरलाकाकू महाराष्ट्र मंडळातल्या. पुरुषाचं कळलं तर लोक हळहळतात. बाईचं कळलं, तर गणपतीला तिच्या हातचे मोदक कोण खाणार? काकूंनी कधी एका शब्दाने दुखवलं नव्हतं. लोक काय म्हणतील, हे नवराबायकोनेच बंद दाराआड ठरवून टाकलं होतं.

शैलजाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने टेबलाखालून तिचा हात दाबला. बोलू नकोस.

तिने हात सोडवून घेतला आणि उठली. जाताय तर दार ओढून घ्या, डॉक्टर म्हणाल्या. शैलजाने दार सताड उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

“ह्यांनी एकही गोळी चुकवली नाही, डॉक्टर. अर्धी मी खात होते. मलाही आहे हा आजार.”

बाहेरच्या रांगेला मराठी कळत नव्हतं. सरलाकाकूंना कळत होतं. त्यांचा हात नंबरांच्या गठ्ठ्यावर तसाच राहिला.

“आता दोघांनाही तपासा. औषध लागेल ते द्या, पण ह्यांचं ह्यांना, माझं मला. पूर्ण.” आवाज जराही न उतरवता ती बाहेर वळली. “काकू, मलाही नंबर द्या. आणि मोदक यंदाही मीच करणार आहे.”